ओढ्याचं खोलीकरण करण्याआधी पात्राचा प्रकार कसा ठरवायचा? (येरळा खोरं, कडेगाव तालुका)

पाणलोट_कडेगाव

येरळेला मिळणाऱ्या एका ओढ्याचं ४ किमी लांबीचं अंदाजपत्रक गावापुढे आलं आहे. वरपासून खालपर्यंत एकच काटछेद धरलाय: तळरुंदी १० मी., खोली ३ मी., बाजूंचा उतार १:१, आणि दर ३०० मीटरला एक सिमेंट नाला बांध. ओढा मात्र सगळीकडे सारखा नाही. तांत्रिक मान्यतेआधी पात्राचं वर्गीकरण करून टप्प्याटप्प्यानं वेगळं काम सुचवायचं आहे. ऑटो लेव्हल आणि टेपनं घेतलेली मापं अशी:

वरचा टप्पा, १.१ किमी. पाणलोट ६ चौ.किमी. तळाला मोठे गोटे, मध्ये मध्ये कातळ उघडा. उतार २.४ टक्के, वळणांक (ओढ्याची लांबी भागिले दरीची लांबी) १.२. काठभर रुंदी ६ मी., सरासरी खोली ०.४५, कमाल खोली ०.७ मी. तळापासून १.४ मी. उंचीवर रुंदी ९.५ मी.

मधला टप्पा, १.२ किमी. पाणलोट ९ चौ.किमी. याच्या वरच्या तोंडालाच तळात १.२ मीटरची उभी पायरी आहे. उतार १.१ टक्के, वळणांक १.४, तळाला बारीक खडी, मधला आकार १२ मिमी. काठ काळ्या मातीचे, उभे, २.४ मी. उंच, शेताच्या पातळीला रुंदी ९.५ मी. आत तळापासून ०.८ मीटरवर तुटक तुटक ओटा दिसतो, तिथं रुंदी ७.२ आणि सरासरी खोली ०.५५ मी. त्याच्याही खाली, तळापासून ०.३ मीटरवर लव्हाळा आणि पाणकणसाची सलग रेघ आहे.

खालचा टप्पा, १.७ किमी, येरळेच्या संगमापर्यंत. पाणलोट २० चौ.किमी. उतार ०.५ टक्के, वळणांक १.३, तळाला जाड वाळू, मधला आकार १.५ मिमी. काठ ३ मी. उंच. आतल्या ओट्याला रुंदी १३.५, सरासरी खोली ०.५, कमाल ०.८ मी.; १.६ मी. उंचीवर रुंदी १६.५ मी.

रॉसगेनच्या पद्धतीनं (मापांवरून पात्राला अक्षर-आकड्याचा प्रकार देणारी पद्धत) जाताना मधल्या टप्प्यात अडतंय. तिथं काठभर पातळी कोणती धरायची: लव्हाळ्याची रेघ, ओटा की शेताचा काठ? आणि एकदा प्रकार कळला की कामात नेमका काय फरक पडतो?

लेव्हल_स्टाफ

मापं व्यवस्थित आहेत, त्यामुळे उत्तर देता येतं. सगळं वर्गीकरण काठभर पातळीवर उभं असतं. आजचा प्रवाह स्वतः रचत असलेल्या पूरपट्टीवर पाणी ज्या उंचीला चढू लागतं, ती काठभर पातळी. शेताचा काठ ही जुनी पूरपट्टी असू शकते, ओढ्यानं केव्हाच सोडून दिलेली.

तुमच्या तीनही रेघा तपासू.

०.३ मी. ची लव्हाळ्याची रेघ सोडून द्या. उपसा योजनेचं आवर्तन ओढ्यात सोडलं की उन्हाळ्यातही एका ठरावीक पातळीला ओल राहते आणि पाणकणीस नेमकं तिथं वाढतं. टेंभू आणि ताकारीच्या लाभक्षेत्रातल्या बऱ्याच ओढ्यांना ही रेघ दिसते. ती आवर्तनाची खूण आहे, पावसाळी प्रवाहाची नव्हे.

आता शेताचा काठ धरून बघा. रुंदी ९.५, सरासरी खोली साधारण १.९, म्हणजे रुंदी-खोली गुणोत्तर ५. पूरप्रवण रुंदी कमाल खोलीच्या दुप्पट उंचीवर मोजायची; ती भागिले काठभर रुंदी म्हणजे बंदिस्तता गुणोत्तर. दुप्पट म्हणजे ४.८ मी., आणि त्या उंचीला पाणी शेतात जातं. ती रुंदी ६० मी. जरी धरली तरी बंदिस्तता गुणोत्तर ६ च्या वर. वळणांकाला ०.२ ची सूट असते, ती दिली की हा टप्पा चक्क 'ई ४' ठरतो: अरुंद, खोल, पूरपट्टीशी जोडलेलं, अत्यंत स्थिर पात्र. उभ्या काठांची, तोंडाला पायरी असलेली घळ कागदावर सर्वांत निरोगी दिसू लागते. एक पातळी चुकली की निष्कर्ष इतका उलटा होतो.

०.८ मी. चा ओटा धरला तर: ७.२ भागिले ०.५५ म्हणजे १३. दुप्पट उंची १.६ मी., तिथली रुंदी तुम्ही दिलेली नाही. काठ उभे आहेत म्हणजे ८.६ च्या आसपास असावी. बंदिस्तता गुणोत्तर १.१९.

पडताळणी पाणलोटावरून करा. काठभर काटछेदाचं क्षेत्रफळ पाणलोटाबरोबर हळूहळू वाढायला हवं. वरच्या टप्प्यात ६ चौ.किमी. ला २.७ चौ.मी. आहे. मधल्या टप्प्यात ओट्यानं ९ चौ.किमी. ला ३.९६ येतं, खाली २० ला ६.७५. रांग जुळते. शेताच्या काठानं मात्र मधेच १८ चौ.मी. येतं, पाणलोट दीडपट आणि क्षेत्रफळ जवळजवळ सातपट, हे शक्य नाही. ओटा हीच काठभर पातळी.

वर्ग आता सरळ निघतात. बंदिस्तता १.४ पेक्षा कमी म्हणजे पात्र खोलात अडकलेलं, १.४ ते २.२ मध्यम, त्यापुढे मोकळं. मग रुंदी-खोली गुणोत्तर १२ च्या अलीकडे की पलीकडे, मग वळणांक आणि उतार, शेवटी तळाच्या गोट्यांचा आकडा (१ कातळ, २ धोंडे, ३ मोठे गोटे, ४ खडी, ५ वाळू, ६ गाळ-माती).

वरचा टप्पा: बंदिस्तता १.५८, रुंदी-खोली १३.३, उतार २.४. हा बी ३ (मध्यम बंदिस्त, मोठे गोटे).
खालचा टप्पा: १.२२, २७, उतार ०.५, वाळू. हा एफ ५.
मधला टप्पा: १.१९ आणि १३. काटेकोर धरलं तर एफ ४, पण रुंदी-खोलीला २ ची सूट असते, म्हणजे जी ४ सी सुद्धा ('सी' म्हणजे उतार २ टक्क्यांच्या आत). हा सीमेवर आहे आणि माझ्या मते तीच त्याच्याबद्दलची सर्वांत कामाची माहिती आहे.

दोन गोष्टी तपासून घ्या. सगळे काटछेद खळाळावर (उथळ, वेगानं वाहणाऱ्या भागात) घेतलेत ना? डोहात घेतला तर खोली वाढून रुंदी-खोली गुणोत्तर खोटं उतरतं. पूल, फरशी किंवा बंधाऱ्याच्या फुगवट्यात घेतलेला काटछेदही बाद. आणि उतार एका खळाळाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत, काठभर रुंदीच्या किमान २० पट लांबीवर काढलेला असावा. मधल्या टप्प्यात म्हणजे १४४ मी.

मुरूम_आणि_कातळ

वरच्या उत्तरातला सीमेचा मुद्दा पुढे नेतो. 'जी' आणि 'एफ' ही एकाच घडामोडीची दोन चित्रं आहेत. तळ खचला की पात्र अरुंद आणि खोल होतं (जी). काठ पेलण्यापेक्षा उंच झाले की ढासळतात आणि पात्र रुंद होतं (एफ). मग त्या रुंद खड्ड्यात गाळ बसून ओटे तयार होतात आणि खालच्या पातळीवर नवी पूरपट्टी उभी राहते. हा क्रम शुम, हार्वे आणि वॉटसन यांनी १९८४ मध्ये मिसिसिपीतल्या ओढ्यांवरून मांडला. दख्खनच्या काळ्या मातीतही तो ओळखू येतो, फक्त इथं खाली मुरूम आणि कातळ लागला की तळ थांबतो आणि सगळा जोर बाजूंना वळतो.

तुमच्या ओढ्यात हा क्रम वरून खाली मांडलेला आहे. पायरीच्या वर अजून खचलेलं नाही. पायरीखाली ताजं खचणं आणि ढासळणं, मधला टप्पा. त्याच्या खाली रुंद होऊन सावरू लागलेलं पात्र. पायरी दरवर्षी वर सरकते, आणि ती वरच्या टप्प्यात शिरली की आज स्थिर असलेला बी ३ सुद्धा घळ होईल. काळी माती आणि मुरुमाच्या सांध्यावर ती असेल तर फार वेळ लागत नाही: मुरूम खालून पोखरला जातो आणि वरची माती भेगेतून ठोकळ्यानं सुटते.

काठाची उंची भागिले काठभर कमाल खोली हा आकडाही काढा. मधल्या टप्प्यात २.४ भागिले ०.८ म्हणजे ३. दीडच्या पुढे गेलं की पात्र गंभीर खचलेलं धरतात. याचा अर्थ जोरात समजून घ्या. काठभर प्रवाहात तळावरचा ताण सुमारे ५३ न्यूटन प्रति चौ.मी. येतो आणि साधारण ७० मिमीचा गोटा हलू शकतो. पाणी बाहेर पसरायला जागा नसल्यामुळे मोठ्या पुरात ते २.४ मी. भरून वाहतं, तेव्हा ताण १५० च्या घरात जातो आणि २०० मिमीचा गोटाही जागा सोडतो. मोकळ्या पूरपट्टीच्या पात्रात हाच पूर शेतात पसरला असता आणि तळावरचा ताण इतका चढलाच नसता. खोलीकरण म्हणजे हा ताण आणखी वाढवणं.

पायरीचं कारण बहुधा संगमाकडे आहे. येरळेच्या पात्रातून वाळू उपसली गेली की मुख्य नदीचा तळ खाली जातो आणि प्रत्येक ओढा त्या पातळीला जुळण्यासाठी संगमापासून वर खचत येतो. संगमाजवळ १०० मीटरचा एल-सेक्शन (तळाचा लांबीच्या दिशेनं छेद) काढा. तिथं नवी पायरी दिसली तर मधल्या टप्प्यात काहीही बांधलं तरी खालून दुसरी लाट येणार.

माणदेशी_भूजल

थोडा वेगळा सूर. अक्षर-आकड्याला फार चिकटू नका. ही पद्धत १९९४ ची, अमेरिकेतल्या नद्यांवर बेतलेली. तिथं काठभर प्रवाह साधारण एक-दोन वर्षांत एकदा येतो. खटाव, माण, कडेगाव, आटपाडीकडे ओढा वर्षात मोजके तास जोरात वाहतो, आणि एखादा मोठा पूर दहा लहान पुरांनी केलेलं पुसून टाकतो. कातळ उघडा असलेल्या भागात तर पात्राचा आकार पाणी ठरवत नाही, बेसॉल्टचे थर ठरवतात. वरच्या टप्प्यात ज्या पायऱ्या-डोह दिसतात त्यासाठी माँटगोमेरी आणि बफिंग्टन यांचं १९९७ चं वर्णन जास्त जवळचं वाटतं: पात्र कातळी, पायरी-डोह, सपाट तळ की डोह-खळाळ, एवढंच विचारा. त्यातून गोटे कुठून येतात आणि कुठं थांबतात ते कळतं.

भूमी अभिलेखचा गाव नकाशा आणा. त्यावर ओढ्याची जुनी हद्द आणि वळणं असतात. आज ओढा ७ मी. आणि नकाशावर २० मी. असेल तर उरलेली जमीन कोणाच्या बांधात आहे ते आधीच कळेल. १:५०,००० च्या टोपोशीटवर इतका लहान ओढा एका रेघेपलीकडे दिसत नाही.

आणखी एक, विहिरींचं. आपल्याकडे वरचं भूजल मुरुमात असतं. पात्राचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली नेला की पावसाळ्यानंतर विहिरींचं पाणी पात्रात उतरतं. खोलीकरणात डिसेंबरपर्यंत पाणी दिसतं आणि काम यशस्वी ठरतं, पण ते पाणी अनेकदा विहिरींचंच असतं. दोन्ही काठांच्या ४-५ विहिरींची ऑक्टोबरमधली पातळी आणि पात्राचा तळ एकाच बेंचमार्कवर (पातळीच्या ठरलेल्या खुणेवर) आणून बघा.

पाणलोट_कडेगाव

१.६ मी. उंचीवर मधल्या टप्प्यात रुंदी ८.६ मीटरच भरते. संगमाकडे नवी पायरी नाही; २०० मीटरवर कातळाचा आडवा पट्टा आहे आणि तळ त्यावर थांबलाय. प्रश्न जागेचा आहे. दोन्ही काठांना ऊस आहे, पूरपट्टीसाठी ७-८ मी. जमीन कोणी देणार नाही. मधल्या टप्प्यात मग काय करता येईल? आणि सिमेंट नाला बांध पूर्ण वगळायचे का?

लेव्हल_स्टाफ

कातळाचा पट्टा आहे हे फार चांगलं. संगमाकडून येणारं खचणं त्याच्यापाशी थांबतं, काम फक्त वरून करायचं.

जागेचं गणित उलटं आहे, ते ग्रामसभेत मांडा. तळरुंदी १०, खोली ३, बाजू १:१ म्हणजे वरची रुंदी १६ मी. आज ती ९.५ आहे. म्हणजे मंजुरीला आलेलं काम स्वतःच ६.५ मी. जमीन खातं. शिवाय काळ्या मातीत १:१ टिकत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, पुराचं पाणी भेगेत भरतं, आणि पूर उतरला की काठ आतल्या पाण्याच्या वजनानं बसतो. दोन-तीन पावसाळ्यांत आणखी जमीन जाईल. खोदाईही मोठी आहे: ३९ चौ.मी. चा काटछेद, आजचा १८, म्हणजे मीटरला २१ घनमीटर आणि १.२ किमीला सुमारे २५,००० घनमीटर.

मोकळी पूरपट्टी (बंदिस्तता २.२) हवी तर पूरप्रवण रुंदी १५.८ मी. लागते. ती मिळत नसेल तर १.४ चं लक्ष्य ठेवा, म्हणजे मधला टप्पा बी ४ सी मध्ये आणायचा. एकाच बाजूला ०.८ मी. पातळीवर १ मी. रुंद सलग ओटा आणि तिथून वर १ उभा : २ आडवा असा उतार. १.६ मी. उंचीवर रुंदी ७.२ अधिक समोरच्या काठाचे ०.७, ओट्याचा १ आणि उताराचे १.६, एकूण १०.५ मी. गुणोत्तर १.४६. शेताच्या पातळीला ३ मी. पट्टा लागतो, एकाच बाजूला. खोदाई मीटरला साधारण सव्वातीन घनमीटर, १.२ किमीला ३,९०० च्या आसपास. बाजू कोणती? वळणाची आतली. बाहेरच्या वळणाला ओटा काढला तर पहिल्याच पुरात जातो. त्यामुळे पट्टा दोन्ही शेतकऱ्यांत आळीपाळीनं वाटला जातो, आणि हे पटवून द्यायला सोपं पडतं.

क्रम मात्र पाळा. आधी पायरी, मग तळ, मग ओटा.

पायरीला दगडी उतरण. १.२ मी. चढ १:२० नं, म्हणजे २४ मी. लांब. दगड ४५० ते ६०० मिमी, जाडी किमान दोन दगड, खाली खडीचा गाळणथर नाहीतर जिओटेक्स्टाइल. हा थर विसरला की दगडांच्या फटीतून मुरूम निघून जातो आणि उतरण आतल्या आत बसते. दोन्ही काठांत दीड-दोन मीटर आत रोवा. उतरणीचा मध्य काठांपेक्षा ३० सेंमी खोलगट ठेवा, नाहीतर पाणी कडेनं वाट काढतं. दगडाचा आकार २५ वर्षांच्या पुराला तपासून घ्या. काठभर प्रवाहाला ३०० मिमी पुरतो, मोठ्या पुराला नाही. आणि दगड खाणीचाच आणायचा, हे निविदेत लिहा. वरच्या बी ३ टप्प्यातले गोटे पोकलेननं गोळा करून पिचिंगला वापरले जातात. तो टप्पा त्याच गोट्यांमुळे स्थिर आहे.

तळासाठी तळासपाट दगडी पट्टे, माथा आजच्या तळाच्या पातळीला, दर ५० मी. उतार १.१ वरून ०.५ टक्क्यांपर्यंत खाली आला तरी प्रत्येक पट्ट्यापाशी ०.३ मी. चीच पायरी पडेल. म्हणून पट्ट्याचा पाया १ ते १.२ मी. खोल, शक्यतो मुरुमापर्यंत. पट्टे तळापेक्षा उंच करून पात्र भरून घ्यायचा मोह झाला तर ओट्याची पातळीही तितकीच वर घ्यावी लागते, सगळी मापं नव्यानं काढा.

मुरूम_आणि_कातळ

सिमेंट नाला बांधांबद्दल: मधल्या टप्प्यात एकही नको. उभ्या काळ्या मातीच्या काठात बांध बसवला की बगल फुटते, आणि बांधामागं गाळ अडल्यामुळे पुढं गाळविरहित पाणी तळ खातं. वरच्या टप्प्यात जिथं दोन्ही काठांना कातळ आहे आणि पाया कातळात जातो, अशा एक-दोन जागा ठेवता येतील. तिथंही माथा काठभर खोलीच्या वर नेऊ नका. बाकी वरच्या टप्प्यात यंत्र घालायचंच नाही, २.७ चौ.मी. च्या पात्राला ३९ चौ.मी. चा काटछेद देणं म्हणजे चौदापट पात्र, त्याला काहीही आधार नाही.

खालचा एफ ५ टप्पा स्वतः सावरतोय. ओटे बसतायत त्यांना हात लावू नका. ओट्यावर वाळा, निरगुडी आणि शेरणी, काठाच्या पायथ्याला वाळुंजाच्या काड्या, वर करंज आणि उंबर. वेडी बाभूळ सलग माजली असेल तर ती टप्प्यानं काढा, मुळासकट उपटून नव्हे, कापून. ओट्यावरची वाळू 'गाळ काढणे' या नावाखाली उचलली गेली तर पात्र पुन्हा पहिल्या अवस्थेत जातं. अंदाजपत्रकातली खालच्या १.७ किमीची खोदाई रद्द करा, त्या पैशात वरची दगडी उतरण बसते का ते बघा.

हरिपूर_संगम

हीच रीत सांगलीजवळ कृष्णेला लावता येईल का? आयर्विन पुलाची ४५ फुटांची धोका पातळी काठभर धरली तर?

लेव्हल_स्टाफ

नको. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका या पातळ्या वस्तीला पाणी लागण्याच्या हिशोबानं ठरलेल्या आहेत. निळी आणि लाल पूररेषाही तशाच, २५ आणि १०० वर्षांच्या पुराच्या, बांधकाम नियंत्रणासाठी. त्यातली कोणतीही काठभर पातळी नव्हे. कृष्णेत बंधाऱ्यांचा फुगवटा आहे, वर धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, कोयना इथली धरणं प्रवाह आणि गाळ दोन्ही बदलतात, वारणेच्या पुराचाही संगमापाशी दाब येतो. तिथं अक्षरी वर्गापेक्षा टप्पे पाडणं महत्त्वाचं: धरणाखालचा कातळी भाग, कऱ्हाडपर्यंतचा, तिथून फुगवट्यातला. प्रत्येक टप्प्यात जुने काटछेद आणि आजचे एकमेकांवर ठेवून तळ आणि काठ कुठं सरकले ते पाहा.

पाणलोट_कडेगाव

मधल्या टप्प्याचं सुधारित अंदाजपत्रक याच मापांवर करतो. खालची खोदाई वगळायचं पत्र ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत जाईल. काम झाल्यावर काय मोजायचं?

मुरूम_आणि_कातळ

काम सुरू होण्याआधीच प्रत्येक टप्प्यात दोन कायमचे काटछेद ठेवा. दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये लोखंडी सळई, शेताच्या काठापासून किमान ५ मी. आत, नाहीतर ढासळताना सळईही जाते. पायरीच्या माथ्याला वेगळी खूण. मोजणी मे मध्ये एकदा आणि परतीच्या पावसानंतर नोव्हेंबरमध्ये एकदा, त्याच बेंचमार्कवरून. तळाचे गोटे दरवेळी १००, काठापासून काठापर्यंत चालत, डोळे न लावता पायाच्या टोकापाशी लागेल तो उचलून, मधली जाडी मोजायची. दगडी उतरणीच्या खालच्या टोकाला खड्डा ०.५ मी. च्या पुढं गेला तर पुढच्या पावसाची वाट न बघता तिथं दगड टाका.